अडथळा खरा असू द्या: कोकणात राहून प्रेमकादंबरी लिहिण्याची आणि प्रकाशित करण्याची रीत

अभिप्रायासाठी माझ्याकडे प्रेमकादंबऱ्यांची जी हस्तलिखिते येतात, त्यांपैकी बऱ्याच हस्तलिखितांच्या मध्यावर एक गैरसमज असतो. नायिकेने नायकाला एसटी स्टँडवर दुसऱ्या मुलीबरोबर पाहिलेले असते, ती मुलगी त्याची मावसबहीण निघते आणि एवढे उलगडायला दीडशे पाने खर्ची पडतात. लिहिणाऱ्याची भाषा चांगली असते, समुद्राची वर्णने मनापासून केलेली असतात, तरीही वाचक मध्येच पुस्तक खाली ठेवतो, कारण ‘हा प्रश्न एका फोनवर मिटला असता’ हे त्याच्या लक्षात आलेले असते. म्हणून कादंबरीला हात घालण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या दोघांना वेगळे ठेवणारी गोष्ट एका फोनने मिटेल का? मिटत असेल, तर लिहायला बसायचे नाही.

अडथळा शोधणे

खरा अडथळा शोधायला कोकणात फार लांब जावे लागत नाही. ‘मुलगा गावाला असतो’ हे वाक्य आपल्याकडे स्थळ नाकारण्यासाठी वापरले जाते. चाळीस कलमांची बाग, स्वतःचे घर आणि निर्व्यसनी स्वभाव एवढे असूनही, मुंबईत नोकरी नाही म्हणून ज्याचे लग्न रखडले आहे, असा मुलगा प्रत्येक वाडीत भेटतो. त्याला नकार देणारी मुलगी खलनायिका नसते. आपल्या आईने आयुष्यभर काय उपसले ते तिने पाहिलेले असते आणि तिचे म्हणणे तितकेच खरे असते. सातबाऱ्यावर अठरा सहहिस्सेदारांची नावे असल्यामुळे घराची डागडुजी करता न येणारा माणूस, आईच्या आजारपणामुळे गावात परतलेली परिचारिका, खलाशी म्हणून सहा-सहा महिने जहाजावर असणारा नवरा, या सर्वांच्या प्रेमात जो अडसर आहे तो त्यांच्या जगण्यातून आलेला आहे. तो त्यांच्यापैकी कोणी काहीतरी गमावल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय दूर होत नाही. प्रेमकादंबरी म्हणजे या बदलाची गोष्ट होय.

मी दोघांसाठी वहीत स्वतंत्र पाने ठेवते आणि प्रत्येकाच्या पानावर तीन वाक्ये लिहिते. त्याला काय हवे आहे, त्याला कशाची भीती आहे आणि समोरच्या माणसासाठी तो कोणती गोष्ट कधीही सोडणार नाही असे त्याला आज वाटते. तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण कादंबरीच्या शेवटी नेमके तेच वाक्य खोटे ठरवायचे असते किंवा ते तसेच टिकवून मार्ग काढायचा असतो. ही सहा वाक्ये नीट जमेपर्यंत माझे दोन-तीन आठवडे सहज जातात आणि त्याबद्दल मला कधी खंत वाटलेली नाही.

काळाचा आराखडा

पुढची पायरी म्हणजे पंचांगाचे कॅलेंडर. कथानकाचे वर्ष मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडते, कारण कोकणातली माणसे केव्हा भेटतील आणि केव्हा भेटणार नाहीत हे ऋतू ठरवतात. मोहोराची राखण करणारा बागायतदार थंडीत गाव सोडत नाही. मार्च ते मे या काळात पेट्या भरण्याच्या धामधुमीत त्याला दोन वाक्ये बोलायलाही उसंत नसते. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते तेव्हा दुरावलेल्या माणसांना एका खळ्यात समोरासमोर उभे राहावे लागते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे बोटीवरचा नायक याच काळात घरी सापडतो. गणपतीला चाकरमानी येतात आणि त्यांच्याबरोबर मुंबईचे स्थळही येते. एवढे कॅलेंडरवर लिहिले की निम्मे प्रसंग आपोआप सुचतात.

या बाबतीतली माझी चूक सांगते. दुसऱ्या कादंबरीत मी पौर्णिमेच्या मध्यरात्री दोघांना कड्याखालच्या वाळूच्या पट्टीवरून चालायला लावले होते. चांदणे, ओली वाळू, पावलांचे ठसे असा तो प्रसंग माझा आवडता होता. पुस्तक बाहेर पडल्यावर एका वृद्ध तांडेलांचा, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखांचा, निरोप आला की, ‘बाय, त्या वेळी तिथे कमरेएवढे पाणी असते.’ त्यांनी मला लहानपणी ऐकलेला आणि विसरलेला हिशेब पुन्हा शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. आणि दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचे पाणी उधाणाचे. माझी नायिका-नायक ऐन उधाणात चालत होते. ज्या वाचकाने आयुष्य समुद्रावर काढले, त्याचा त्या पानावर माझ्यावरचा विश्वास उडाला असणार. तेव्हापासून प्रत्येक किनाऱ्यावरच्या प्रसंगाशेजारी मी तिथी लिहिते.

पहिला खर्डा

माझी कादंबरी साधारण ६०,००० शब्दांची असते. रोज ८०० शब्द लिहिले तर ७५ दिवसांत खर्डा पुरा होतो, म्हणजे मृगाच्या आसपास सुरुवात केली की श्रावणात संपतो. पावसाळ्याचे हे दिवस मी जाणीवपूर्वक निवडले, कारण पाहुणे कमी असतात आणि बाहेरची कामे थांबलेली असतात. आमच्याकडे या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी पडवीत बसून दोनशे पानी वहीत हाताने लिहिते आणि वीज असेल तेव्हा संगणकावर उतरवून घेते. उतरवतानाच पहिली काटछाट होऊन जाते, हा याचा मोठा लाभ आहे. टंकन सुरुवातीपासून युनिकोडमध्येच करावे. मोबाइलवर बोलून टंकित करणारे अनेक जण आहेत आणि कथनासाठी ते चालते, पण बोलीतले संवाद ते यंत्र प्रमाण मराठीत ‘सुधारून’ टाकते.

रोज आदल्या दिवशीचे शेवटचे पान वाचावे आणि पुढे जावे. मागे जाऊन दुरुस्त्या करू नयेत. तिसऱ्या प्रकरणात मन हटते आणि पहिले प्रकरण पुन्हा लिहावेसे वाटते. माझी पहिली कादंबरी याच मोहापायी चार वर्षे अडली. जे बदलावेसे वाटते ते समासात लिहून ठेवावे आणि लेखणी पुढे न्यावी.

कथन कोणाच्या डोळ्यांनी करायचे हेही आधीच ठरवावे लागते. मी एक प्रकरण तिचे, एक त्याचे असे तृतीयपुरुषी कथन करते. त्यामुळे वाचकाला दोघांची मने माहीत असतात आणि एकमेकांना मात्र ती माहीत नसतात. प्रेमकथेतली ओढ बरीचशी या अंतरातून निर्माण होते.

संवाद आणि बोली

आपल्याकडे कोणी कोणाला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे सहसा म्हणत नाही. प्रेम ‘जेवलंस?’ या प्रश्नात असते, बागेतल्या पहिल्या पिकलेल्या फळात असते, रात्री उशिरा येणाऱ्याच्या वाटेवर लावून ठेवलेल्या दिव्यात असते. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी प्रेमाची उघड कबुली देणारे प्रत्येक वाक्य लाल शाईने खुणावते आणि त्या जागी कृती ठेवता येईल का ते पाहते.

एक उदाहरण देते. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर माझ्या तिसऱ्या कादंबरीतले दोघे शेवटचे भेटतात. तिला मुंबईत नोकरी मिळाली आहे आणि तो तिला पलीकडे सोडायला निघाला आहे. पहिल्या खर्ड्यात तिने दीड पानाचे भाषण केले होते: तिची स्वप्ने, त्याची बाग, दोघांचे दुर्दैव. वाचताना मलाच कंटाळा आला. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला लागतात मोजकी मिनिटे. तेवढ्यात कोणी एवढे बोलत नाही, तेही शेजारी टेम्पोचे इंजिन सुरू असताना. मग मी ते सारे काढले आणि एवढेच ठेवले: तो खिशातून पैसे काढत विचारतो, “परतीचं तिकीट पण घेऊ?” ती पाण्याकडे बघत म्हणते, “एकच घे.” त्या दोन वाक्यांबद्दल मला जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या पुस्तकाबद्दल आली नाहीत.

बोलीच्या बाबतीत ‘कोकणी माणूस’ असा सरसकट प्राणी नसतो. सिंधुदुर्गात मालवणी, रत्नागिरीच्या मध्यभागात संगमेश्वरी, उत्तरेकडे बाणकोटी, रायगडात आगरी. शिवाय एकाच गावात जातीनुसार, वाडीनुसार फरक पडतो. दाभोळच्या माणसाच्या तोंडी मालवणी ‘खंय’ (कुठे) घातले की तो खोटा झालाच. कथन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ही विभागणी बहुतेक वाचकांना सोयीची पडते. बोली लिहून झाली की ती बोलणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावी आणि ती कुठे हसते ते टिपून घ्यावे. विनोदी प्रसंग नसताना ती हसली, तर तिथे आपली भाषा चुकली आहे. माणसे बोली कधी सोडतात हेही लिहिण्यासारखे असते: घरी मालवणी बोलणारी मुलगी रागावली की नवऱ्याशी अचानक शुद्ध मराठी बोलू लागते, आणि त्याला त्याक्षणी कळते की प्रकरण गंभीर आहे.

शारीर जवळिकीच्या प्रसंगांबद्दल नवीन लेखिका मला आडून आडून विचारतात. माझा नियम असा आहे की त्या प्रसंगानंतर दोघांच्या नात्यात काही बदलत असेल तरच तो लिहावा, दोघांची इच्छा पानावर स्पष्ट दिसावी आणि शब्द आपल्या तोंडी रुळलेले असावेत. लोक काय म्हणतील या भीतीने प्रसंग अर्धवट लिहिण्यापेक्षा तो दार लोटून घेतल्यावर थांबवलेला बरा.

दुसरा खर्डा, वाचक आणि शुद्धलेखन

खर्डा झाला की तो मी गणपती होईपर्यंत कपाटात ठेवते. नंतर एका दमात वाचते, आणि त्यापुढे तीन वाचकांना देते: एक त्या गावातला, एक प्रेमकादंबऱ्या आवडीने वाचणारा आणि एक या प्रकाराकडे नाक मुरडणारा. तिसरा वाचक सर्वांत उपयोगी पडतो, कारण तो कंटाळला की लगेच सांगतो. शेवट सुखान्त असावा की नाही यावर या तिघांचे नेहमी भांडण होते. माझ्या मते प्रेमकादंबरीचा वाचक आपल्यावर एक विश्वास टाकून येतो की शेवटच्या पानावर आशा असेल. ती आशा लग्नाच्या मांडवातच असली पाहिजे असे मात्र नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे एकूण अठरा नियम आहेत. ते एकदा शांतपणे वाचून काढावेत. बोलीतले उच्चारानुसारी अनुस्वार संवादांत ठेवता येतात, पण एकाच पात्राच्या तोंडी एकदा ‘केलं’ आणि एकदा ‘केले’ असे होऊ देऊ नये. अक्षरजुळणी करणाऱ्याकडे जुने फॉन्ट असतील तर युनिकोडमधून रूपांतर करताना जोडाक्षरे फुटतात, आणि सर्वांत जास्त मार ‘ऱ्य’ला बसतो. ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले की किनाऱ्यावरच्या कादंबरीत पानोपानी खडे लागतात. म्हणून रूपांतरानंतरचे पहिले मुद्रित (प्रूफ) मी केवळ या एका अक्षरासाठी वाचते आणि आशयासाठी दुसरे.

प्रकाशकाकडे जाताना

पूर्ण हस्तलिखित थेट पाठवू नये. एक पानाचे पत्र, शेवट न लपवता लिहिलेला दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणे एवढे पुरते. त्या प्रकाशकाची पुस्तके आधी पाहावीत. जो केवळ वैचारिक ग्रंथ काढतो त्याला प्रेमकादंबरी पाठवून दोघांचाही वेळ जातो. उत्तरासाठी काही महिने थांबण्याची तयारी असावी.

दिवाळी अंकांची वाट माझ्यासारख्या लहान गावातल्या लेखिकेला फार उपकारक ठरली आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा-कादंबरीला ही हक्काची जागा मिळाली आहे. लघुकादंबरी आधी अंकात आणि मग विस्तारून पुस्तकात, हा मार्ग आजही चालू आहे. संपादकांकडे पावसाळ्यातच मजकूर पोहोचला पाहिजे. भाद्रपदात पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची समजावी.

पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती अवश्य घ्यावी. तिच्यात कादंबरीचा समावेश आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशित कादंबरीसाठीचा पुरस्कार श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने दिला जातो. ते दापोलीजवळच्या मुर्डीचे, आपल्या किनाऱ्यावरचे, याचा मला अर्ज भरताना आनंद झाला होता.

करार

इथे मी थोडे थांबून लिहिणार आहे, कारण या ठिकाणी माझे नुकसान झाले. पहिल्या कादंबरीच्या वेळी माझ्यासमोर एक पानाचा कागद ठेवण्यात आला. त्यावर एकरकमी मानधनाचा आकडा होता आणि खाली ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे एक वाक्य होते. पुस्तक छापले जाणार या आनंदात मी ते वाक्य वाचले आणि सही केली. काही वर्षांनी माझी भाची कानात इअरफोन घालून भांडी घासत होती. तिने एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला, आणि मला माझ्याच कादंबरीतली वाक्ये एका अनोळखी आवाजात ऐकू आली. मला कोणी विचारले नव्हते, आणि त्या कागदानुसार विचारण्याची गरजही नव्हती.

कॉपीराइट कायदा, १९५७ लेखकाच्या बाजूने बरेच काही सांगतो. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. नोंदणी केली नाही तरी तो लिहिताक्षणी आपलाच असतो. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीचे असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही तर, करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास, तो परत येतो. थोडक्यात, करार मौन असेल तिथे कायदा आपल्याला सांभाळतो. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द ते संरक्षण काढून घेतो.

म्हणून आता मी छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट-मालिका हे पाच हक्क स्वतंत्र ओळींत लिहून घेते आणि सहसा पहिलाच देते. मराठीत स्वामित्वधन (रॉयल्टी) साधारण दहा ते पंधरा टक्के असते. ते छापील किमतीवर की सवलत वजा जाता रकमेवर, हे स्पष्ट लिहिलेले हवे, कारण विक्रेत्याची सवलत मोठी असते आणि दोन्ही हिशेबांत पुष्कळ फरक पडतो. आवृत्तीतील प्रतींची संख्या, लेखकाला मिळणाऱ्या प्रती, वर्षातून एकदा विक्रीचे विवरण आणि पुस्तक अनुपलब्ध राहिल्यास हक्क परत येण्याची अट याही ओळी असाव्यात. हे मागितल्याने कोणताही चांगला प्रकाशक रागावत नाही, असा माझा नंतरच्या तीन पुस्तकांचा अनुभव आहे.

स्वतः प्रकाशित करायचे असेल तर

डेमी आकाराच्या पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. ६०,००० शब्दांची कादंबरी २०८ पानांत, म्हणजे सोळा पानांच्या तेरा फॉर्म्यांत बसते. चौदाव्या फॉर्म्याची चारच पाने भरत असतील तर मजकूर कापून तेरावर आणावा. कागदही वाचतो आणि बहुधा कादंबरीही सुधारते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, व्यक्तिशः लेखकालाही मिळतो, आणि छापील व ई-आवृत्तीला वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याची जबाबदारी प्रकाशकाची, म्हणजे इथे आपली, असते.

प्रती थोड्या छापाव्यात. कोकणातल्या दमट हवेत पुस्तकांचा साठा हा आंब्याच्या पेटीइतकाच नाशवंत आहे: पावसाळ्यात मुखपृष्ठावर बुरशी येते आणि भिंतीला टेकवलेल्या खोक्यात वाळवी शिरते. खोकी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. किंडलवर २०१६ पासून मराठी ई-पुस्तक प्रकाशित करता येते, तो पर्याय छपाईच्या जोडीने ठेवावा.

विक्रीसाठी ग्रंथालयांकडे जाणे मला नेहमी फलदायी ठरले आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. वाचनाची एवढी जुनी सवय असलेल्या या पट्ट्यात गावोगावच्या लहान ग्रंथालयांतही प्रेमकादंबरीची प्रत हातोहात फिरते आणि तिची पाने सुटेपर्यंत वाचली जाते. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखांमधून वाचनाचे कार्यक्रम होतात, तिथे पूर्ण प्रकरण न वाचता एकच प्रसंग वाचावा. पुस्तक गणपतीपूर्वी किंवा मे महिन्यापूर्वी हाती आलेले असावे, कारण त्या वेळी चाकरमानी गावी असतात आणि परतीच्या कोकण रेल्वेच्या प्रवासासाठी त्यांना वाचायला काहीतरी हवे असते.

पहिल्या आवृत्तीची एक प्रत दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवावी आणि वाचकांनी दाखवलेली प्रत्येक चूक तिच्यात तारीख घालून लिहावी. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या त्या प्रतीत कड्याखालच्या प्रसंगाशेजारी ‘पौर्णिमा’ खोडून ‘वद्य अष्टमी’ लिहिले आहे. वद्य अष्टमीला मध्यरात्री ओहोटी असते, पट्टी मोकळी असते, आणि चंद्र तेव्हाच उगवत असतो. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीत ती दोघे बराच वेळ अंधारातच चालतात, एकमेकांचे हात शोधावे लागतात, आणि उजेड पडतो तेव्हा ती कडा ओलांडून पलीकडे पोहोचलेली असतात.